समुद्राला दमा

मिठागराच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला सरकवून मधोमध सतरंजी, तिच्यावर समुद्रबाबा, समोर काचेची बरणी. रोग्यानं बरणीत फुंकर मारायची, बाबानं बाटलीतलं ‘मंतरलेलं पाणी’ ओतायचं, की बरणीतलं नितळ पाणी लालसर तपकिरी व्हायचं. हा म्हणे रोग. बाहेर आला.

बरणीत साधं पाणी चालत नसे. मीठ काढून झाल्यावर शेवटच्या कुंडात उरतं ते कडू पाणीच लागे. त्यात म्हणे समुद्राचा आत्मा असतो. कामगार बादल्या भरभरून तो आत्मा वाहून आणत. ज्या पाण्यात हयात गेली, त्याच पाण्यासमोर हात जोडून बसलेली ही मंडळी बघून माझं डोकं फिरलं.

बाबाच्या काळ्या उपरण्यावर पांढरे ठिपके होते. “चांदणं सांडलंय,” असं तो सांगे. लोकांना तेही पटे.

पुढच्या रांगेत माझी वहिनी पुतणीला घेऊन बसली होती. पोरीला दमा. औषध रोगाला आत दाबून धरतं, हे बाबाचं शास्त्र. म्हणून वहिनीनं पोरीचा श्वासाचा पंप कपाटात टाकून ठेवला होता.

पोरीनं फुंकर मारली. पाणी लाल झालं, उग्र वास सुटला आणि ती खोकायला लागली. थांबेचना.

“निघतोय,” बाबा म्हणाला. “खोकू दे, ताई. जुना आहे, चिवट आहे.”

“महाराज, ओठ निळे पडतायत हो तिचे.”

“समुद्राचा रंग चढतोय.”

माझ्याबरोबर आलेली माझी आत्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मूर्खपणा दिसला की तिचा आवाज एकदम शांत होतो. तिनं पोरीला उचललं, बाहेर वाऱ्यावर नेलं आणि घरून निघतानाच वहिनीला न विचारता कपाटातून आणलेला पंप पोरीच्या तोंडाला लावला. पोरीचा श्वास ताळ्यावर आला, तशी तिला माझ्याकडे सोपवून आत्या आत गेली. मी दारातूनच बघत होतो.

“महाराज, दुसरी बरणी भरा. आता कुणीच फुंकर मारायची नाही.”

“रोगी नाही तर रोग कुठून येणार, बाई?”

“तेच बघायचंय. पाणी नितळ राहिलं तर मी तुमच्या पाया पडते.”

कामगारांनी बरणी भरली, पण बाबा बाटलीला हात लावेना. आत्यानंच ती उचलली आणि ओतली. पाणी लाल.

“बोला, महाराज. समुद्राला दमा झालाय?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“माझी दृष्टी पडली त्यावर,” बाबा म्हणाला.

“मग बाहेर जाऊन बसा, परत करते.”

तो जागचा हलला नाही. आत्या लोकांकडे वळली.

“समुद्राच्या पाण्यात थोडंसं ब्रोमाइड असतं. तुम्ही मीठ काढून घेता, ते मात्र कडू पाण्यात साचत जातं. ह्याच्या बाटलीत आहे ब्लीच आणि जरासं आम्ल, म्हणजे क्लोरीन. क्लोरीन दांडगा. ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि स्वतः निमूट क्लोराइड होऊन बसतो. लुटलेल्या ब्रोमाइडचा होतो ब्रोमीन. लाल दिसतो तो ब्रोमीन. ह्या दोघांची वाफ धडधाकट माणसाची छाती जाळते, आणि तुम्ही दम्याच्या पोरीला तिच्यावर वाकवलंत. चांदणं म्हणजे ब्लीचचे डाग.”

“पण आत्याबाई, रंग तर खरा होता,” वहिनी पुटपुटली.

“रंग खरा, दमाही खरा. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, ही थाप.”

बाबा उपरणं सावरत उठला. नास्तिकांपुढे शक्ती चालत नाही, म्हणाला. पाणी तर नास्तिकाच्याच हातून लाल झालं होतं. तरी दोघातिघांनी जाता जाता त्याच्या पायांना हात लावलाच. अशा डोक्यांना कुठलं आम्ल लागू पडेल, मला ठाऊक नाही.

बाहेर येऊन वहिनीनं खाली मान घालून हात पुढे केला. आत्यानं पंप तिच्या तळहातावर ठेवला. “कपाटात नाही. हाताशी.”

उद्या दुसरा कुणी दुसरा रंग घेऊन तुमच्या दारात येईल. त्याला एवढंच सांगा, रोग्याशिवाय करून दाखव. आणि त्यानं काहीही उत्तर दिलं, तरी पोरांचं औषध बंद करू नका.