काळी पडलेली पट्टी

हंबीररावच्या फर्निचरच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं रहिमतपूर तिथं लोटलं होतं. मठातल्या कवडीबाबांनी बाटलीतलं तीर्थ बाभळीच्या नव्या पलंगावर शिंपडलं आणि बघता बघता तांबूस लाकूड कोळशासारखं काळं पडलं. बायकांनी हात जोडले.

"मत्सर हाय ह्यो," बाबा म्हणाले. "कुनाची तरी जळकी नजर बसलीया. मानूस लपवतं, पर लाकूड बोलतं."

माझंही फर्निचरचंच दुकान, रस्त्याच्या पलीकडं. तीन वर्षांपूर्वी हंबीररावनं दुकान टाकलं आणि लग्नसराईतली माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. सख्ख्या मेव्हण्यानं कपाट त्याच्याकडून नेलं. त्याच्या दारात टेम्पो लागला की माझ्या घशाखाली चहा उतरत नसे. त्यामुळं त्याचा पलंग काळा पडला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तो कशानं काळा पडला हेही कळलं होतं. अत्तराच्या आडून व्हिनेगरचा आंबूस वास येत होता. सांगलीत काम शिकताना आमचे मिस्त्री लाकूड काळं करायला हेच पाणी बनवायचे. मी गप्प बसलो.

मग बाबांनी घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात लाकडाची एकेक पट्टी दिली. "ज्याच्या पोटात जळतंय, त्याची काळी पडंल."

तीर्थ शिंपडलं. माझी पट्टी कोरी राहिली. हंबीररावची, त्याच्या बायकोचीही कोरी. काळी पडली ती एकट्या पारूबाईची. ही हंबीररावची विधवा भावजय. भाऊ फौजेत असताना गेला, तेव्हापासून ती याच घरात राहून दुकानाचं पॉलिशकाम करायची.

"मी कशापायी जळू? माझंच घर हाय की ह्ये," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

बाबांचा हुकूम सुटला: बाधलेलं फर्निचर शुद्धीसाठी त्यांच्या मठात जाईल आणि पारूबाई शिराळ्याला माहेरी.

तिसऱ्या दिवशी बाबा टेम्पो घेऊन आले, पुन्हा गर्दी जमली. माल चढू लागला. पारूबाई पायरीवर पिशवी घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "मानसिंगराव, तुमी समोरच ऱ्हाताय. मी कवा कुनाचं वाईट चिंतलं?"

मला तिथं उभं राहवेना. दुकानात गेलो, कामासाठी बनवून ठेवलेली तसल्याच पाण्याची बाटली आणि दोन पट्ट्या घेऊन आलो. एक बाबांच्या हातात दिली, एक मी धरली. दोन्हींवर बाटलीतलं पाणी टाकलं. बाबांची पट्टी काळी पडली, माझी कोरी राहिली.

"बाबा, तुमी कुनावर जळताय?"

लोक हसले. बाबा संतापले. "देवाची परीक्षा घेतोस व्हय रं?"

"देवाची न्हाई, लाकडाची. तुमच्या हातात बाभूळ हाय, माझ्या हातात पॅकिंगच्या खोक्याचं पाइन."

मग सगळं सांगितलं. गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवायचे आणि पाणी गाळायचं. बाभळीत तुरट रस असतो, त्याला लोखंडाचं पाणी लागलं की लाकूड काळं पडतं. पाइनमध्ये तो रस जवळजवळ नसतो. कोरी राहिलेली पट्टी मी कडक चहात भिजवली, पुसली, पुन्हा तेच पाणी टाकलं. तीही काळवंडली, कारण चहातही तोच तुरटपणा.

"पारूवहिनींना बाभूळ दिली, बाकीच्यांना पाइन," मी म्हणालो. "आनि खरा जळनारा मी हाय, हंबीरराव. तीन वर्सं जळतोय. तरी माझी पट्टी कोरी राहिली."

 हंबीररावनं टेम्पोतला माल उतरवायला सांगितलं. बाबा त्याच रिकाम्या टेम्पोत बसून निघाले. गावातल्या पोरांनी टेम्पोचा नंबर लिहून घेतला आणि पोलिसांत तक्रार दिली.

पारूबाई माझ्यासमोर आली. "तुमाला पयल्या दिवशी ठावं हुतं?"

"व्हय."

"मग तीन दिस मी चोरावानी तोंड लपवत हुते, ते तुमी बघत हुता."

ती आत गेली. हंबीरराव आता माझ्याशी बोलतो, ती अजून बोलत नाही, आणि मला त्यात तिची चूक दिसत नाही.

माणसाच्या मनातलं ओळखणारं पाणी अजून निघालेलं नाही. कोणी तसं दाखवलं तर लाकूड बदलून मागा, बाटली हुंगून बघा, दुसऱ्याच्या हातानं करायला लावा. आणि तुम्हाला युक्ती ठाऊक असेल तर त्याच क्षणी बोला. बाबानं पारूबाईला फसवून दोषी ठरवलं. मी तर सगळं माहीत असून ठरवू दिलं.