उजवी बाजू

पडद्यावरचा माणूस मोडक्या यानाबाहेर लटकत होता आणि खालची निळी पृथ्वी इतकी जवळ दिसत होती, की हात पुढे करून शिवावी. काजवालीने श्वास रोखून धरला. चांदण्या तिला ओळखीच्या वाटल्या. काळं कापड दिव्यासमोर धरलं की सुईची भोकं अशीच चमकतात. शर्टांना काजं करता करता तिची नजर अधू झाली होती, पण एवढ्या मोठ्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं.

लेकीनेच हट्टाने आणलं होतं. बाबा गेल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली नाही, हे शेजारणीने तिच्या कानावर घातलं होतं. येताना काजवाली कुरकुरली होती, "इथलं निस्तरेना, आणि आभाळातलं कशाला बघायचं?"

गोष्ट साधी होती. यानातली हवा संपत आलेली. खालून त्याची बायको हाका मारतेय. पण यानाची जी बाजू पृथ्वीकडे होती, तिच्यावरचा अँटेना जळून गेलेला. बायको बोलत होती आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी त्याने उरलंसुरलं इंधन जाळून यान वळवलं. चांगली बाजू खाली आली, तिचा आवाज आला, आणि सगळं थिएटर नाकं पुसू लागलं. काजवालीचे डोळे मात्र कोरडे होते. तिने खुर्चीचा हात घट्ट आवळला होता.

तिच्या नवऱ्याचा डावा कान गिरणीच्या खडखडाटात पार गेला होता. लेक बापाशी भांडून घर सोडून गेली, त्यानंतरची ही गोष्ट. तिला कुणी सांगितलीच नाही. पुढे त्याची वाचा गेली, तो अंथरुणाला खिळला, तेव्हा काजवालीने आपलं स्टूल उजव्या अंगाला मांडलं आणि नळाला पाणी आल्यापासून शेजारच्या भांडणापर्यंत सगळं त्याला सांगत राहिली. शेवटच्या संध्याकाळी लेक धावत आली. खिडकीच्या बाजूने वाकली आणि बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलत सुटली. इतक्या वर्षांचं साचलेलं. मध्येच अडवलं तर पोर पुन्हा बोलायची नाही, असं काजवालीला वाटलं. लेकीचं बोलून होईतो त्याला झोप लागली होती. सकाळी आपणच उजव्या कानात सांगू, शब्द न् शब्द, असं तिने ठरवलं. सकाळी ती त्याचं तोंड पुसायला पाणी तापवायला गेली. परत आली तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं.

सिनेमा सुटला. बाहेर अजून ऊन होतं. चालता चालता लेक खाली बघत म्हणाली, "आई, माझं बोलणं बाबांना ऐकू गेलं असेल ना गं?"

"गेलं की."

"कशावरून?"

"तू बोलत होतीस तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. दोनदा."

लेकीने रस्त्यातच तोंड झाकून घेतलं. काजवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग दोघी पुन्हा चालू लागल्या. थोड्या वेळाने लेकीने आईचा दंड धरून तिला आत ओढलं.

"सारखी माझ्या उजवीकडे काय येतेस? तिकडून गाड्या येतायत."

"सवय," काजवाली म्हणाली, आणि मुकाट्याने डावीकडे झाली.