मागाच्या तालावर इंग्रजी

मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, पाठीला रबर बँड लावलाय, आणि स्वभाव म्हणाल तर थोडा गर्विष्ठ. मित्रांनो, त्या गर्वाला कारण आहे.

वडगावच्या मल्लाप्पा विणकरांनी मला घेतलं ते व्यापाऱ्यांना साड्यांचे फोटो पाठवायला. काठ-पदर टिपण्यात माझे दिवस मजेत चालले होते. मग कोरोनात शाळा बंद झाली आणि त्यांची लेक अंजनी माझ्यावर इंग्रजीचा तास करू लागली. घरातच यंत्रमाग. त्या खडखडाटात वाढलेली पोर पाणीसुद्धा ओरडूनच मागायची. इंग्रजीही ती तशीच ओरडून वाचायची.

रचना टीचर म्हणायच्या, "अंजनी, मागाचा आवाज येतो, तुझा ओरडा येतो. शब्द कुठं आहेत?"

तोंडी परीक्षा दोनदा फुकट गेली. आता तिसऱ्यांदा जमलं नाही तर ती इंग्रजीत नापास होणार होती.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी साड्या द्यायची घाई असूनही मल्लाप्पांनी सगळे माग बंद केले. घर चिडीचूप झालं. मी कान टवकारले. टीचर पलीकडे वाट बघत होत्या, आणि अंजनीच्या तोंडून शब्द फुटेना. इतकी शांतता तिला सवयीचीच नव्हती.

"वाच की गं," मल्लाप्पा हळूच म्हणाले.

"लई गप्प वाटतंय वो आप्पा. कायबी सुचंना. पलीकडचा एक माग तरी चालू करा की."

टीचर हसून 'चालू दे' म्हणाल्या. आतल्या खोलीतला शेवटचा माग खटखट करू लागला. तो लांब होता, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती. त्याच्या ठेक्यावर अंजनी एकेक शब्द सावकाश वाचत गेली. धडा संपल्यावर साडी कशी विणतात तेही तिनं इंग्रजीत सांगितलं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सरळ 'धोटा' म्हटलं आणि तो काय करतो ते समजावलं. ती पास झाली. मला फार अभिमान वाटला.

आज अंजनी कॉलेजात आहे, तिच्याकडे नवा फोन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू भंगारात टाकण्याआधी त्यांच्याकडून अजून कुणाला काही शिकता येईल का, तेवढं बघा. अंजनीनं बघितलं. रविवारी गल्लीतली मुलं तिच्याकडे इंग्रजी शिकायला येतात. एखादं पोर वाचायला बुजलं, की ती धडा उघडून मला त्याच्या हातात देते आणि आत हाक मारते,

"आप्पा, पलीकडचा माग चालू करा की."