मोहाखालचं अस्वल

जयरामला अस्वल मारायचं होतं, आणि तेही तिरकमठ्यानं. बंदूक काय, कोणीही चालवतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं आजवर स्वयंपाकघरातलं झुरळसुद्धा मारलं नव्हतं. ते काम बायकोकडे, सिंधूकडे.

एकोणऐंशी सालचा चैत्र होता. सुरगाण्याकडच्या त्या गावात तो सरकारी कचेरीत कारकून, आणि नाशिकच्या कॉलेजातून बी.ए. झालेली सिंधू दोन महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेली. मुलगी झोपेत दचकायची. सासूबाईंनी पत्रातून कळवलं, ताइतात अस्वलाचा केस घालून गळ्यात बांधा. झालं, जयरामसाहेबांना निमित्त मिळालं.

"अहो, दरवेशी येतो की अस्वल घेऊन. मागितले तर चार केस देईल," सिंधू म्हणाली. ताइतावर तिचा विश्वास नव्हता. पण मुलगी दचकली की तो नसलेला विश्वासही जागा व्हायचा.

"मागून आणलेल्या केसात काय दम? बापानं मारलेलं पाहिजे."

"कायद्यानं बंदी आहे."

"अस्वलानं वाचलाय का कायदा?" जयराम म्हणाला, तसा ओट्यावर बसलेला कचेरीतला शिपाई सहादू खिदळला. तो शिकारीतला जोडीदार. म्हणजे जयराम बोलायचा आणि सहादू मान डोलवायचा.

कमठा करून दिला मंगळूनं, घरी भांडी घासायला येणाऱ्या कुसाबाईच्या नवऱ्यानं. आठ दिवस परसात पेंढ्याच्या भाऱ्यावर सराव चालला. बाण भारा सोडून सगळीकडे लागले. एक दोरीवरच्या दुपट्यातून आरपार गेला. तेव्हापासून सिंधू मुलीला परसात नेईना.

अस्वल उजाडता उजाडता मोहाची फुलं खायला येतं, हे जयरामनं कुठूनसं ऐकलं होतं.

"त्याच वेळी बायकाही फुलं वेचायला जातात," सिंधू म्हणाली. "कुसाबाई हल्ली उशिरा येते, तिच्या लुगड्याला मोहाचा वास असतो. आधी तिला विचारा तरी, कुठल्या झाडाखाली असते ती."

"बाई आणि अस्वल यातला फरक मला कळतो. तू तुझी पुस्तकं वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच दोघे वीर परतले. ओट्यावर शेजारीपाजारी गोळा झाले. जयरामनं हात पसरून माप दाखवलं.

"काळंकभिन्न! खाली मान घालून फुलं खात होतं. मी बाण सोडला, तसं दोन पायांवर उभं राहिलं!"

"आन् असं गुरगुरलं, बाप रे!" सहादूनं जोड दिली.

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय, आम्ही..." जयराम अडखळला. "आम्ही डावपेच म्हणून मागं सरलो." त्याच्या पायात एकच चप्पल होती.

सिंधू दारात उभी होती. आठ वाजत आले, कुसाबाईचा पत्ता नव्हता. "रक्त पडलं का?" तिनं विचारलं.

"पडलंच असणार! बाण घेऊनच पळालं ते."

सिंधूनं मुलीला छातीशी धरलं आणि ती पायऱ्या उतरली. तेवढ्यात वळणावर कुसाबाई दिसली. डोक्यावर फुलांची पाटी, खांद्यावर काळी घोंगडी, आणि हातात बाण. आली ती सरळ ओट्यापाशी.

"घ्या सायेब, तुमचा बान. घोंगडीत अडाकला व्हता."

सगळ्यांच्या माना जयरामकडे वळल्या.

"कु... कुसाबाई, तिथं अस्वल..." जयराम चाचरला.

"मीच व्हते. थंडीची घोंगडी घेतलेली. आन् गुरगुरले नाय काय, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऐकायला थांबलात कुठं?"

ओटा हसून हसून लोळला. सिंधूला हसू येईना. तिनं घोंगडी बाजूला करून कुसाबाईचा खांदा पाहिला. बोटभर ओरखडा होता, नुसता लाल.

"लय नाय लागलं, ताई. सायबाचा हात कच्चा म्हणून मंगळूनं कमठाच पोराटोराचा केला व्हता."

जयराम ओट्यावर टेकत खालच्या आवाजात म्हणाला, "कुसाबाई, कचेरीत कुणाला बोलू नकोस हं."

खांद्याचं त्यानं विचारलंच नाही. सिंधूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली.

"मोहाचा बहर संपेपर्यंत पहाटेपासून ही तुमच्याकडे. मी कुसाबाईबरोबर वेचायला जाणार."

"अगं, आणि माझी शिकार?"

"तिचं डोकं धरा आधी. मान लवतेय."

त्यानं घाईघाईनं दोन्ही हात लावले. सिंधू कुसाबाईला आत घेऊन गेली आणि तिच्या खांद्यासाठी हळद गरम करायला ठेवली.