दोन वर्षांचं, सहा किलोचं

मित्रांनो, आज माझ्या आकड्याला काही टांगलेलं नाही, म्हणून बोलायला सवड आहे. मी लेकरं तोलणारा एक जुना काटा. पोटात स्प्रिंग, तोंडावर सुई, खाली कापडी झोळी. नागपूरच्या महाल भागात, एका दवाखान्याच्या दारात मी बरीच वर्षं होतो. यमुताई नर्स रोज सकाळी माझी सुई शून्यावर आहे ना, ते पाहायच्या आणि आयांना सांगायच्या, "हा काटा खोटं नाही बोलत." तेवढं ऐकून माझी स्प्रिंग ताठ व्हायची.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, थंडी सरता सरता, डोलमा नावाची तिबेटी बाई आली. ती नवऱ्याबरोबर फुटपाथवर स्वेटर विकायची आणि जवळच भाड्याच्या खोलीत राहायची. शेजारच्या खोलीतल्या पोराला डांग्या खोकला झाला होता. तो आपल्या बाळाला लागण्याआधी लस मिळावी, एवढंच तिला हवं होतं.

खिडकीत मनोहरराव कारकून. त्यांनी आडनाव विचारलं. ते तिला नव्हतंच. जन्माचा दाखला विचारला, तोही नव्हता. निर्वासित म्हणून पोलिसांनी दिलेलं नोंदीचं पुस्तक होतं, पण त्यात बाळाची नोंद नव्हती. मग वय विचारलं.

"दो साल," डोलमा म्हणाली.

"मग झालं तर! इथं वर्षाच्या आतल्यांनाच लस आहे. चला, पुढे कोण?"

बाळ तिच्या पाठीवर शालीत गुंडाळलेलं होतं. खिडकीतून ते दिसतच नव्हतं.

रांगेत तिच्यामागे कौसल्या उभी होती, आपल्या तान्ह्याला घेऊन. बी.ए. झालेली, पण भारी धास्तावलेली आई. एकाच बाळाचं वजन माझ्याकडून दोनदा करून घ्यायची. तिची नजर त्या शालीवर गेली.

"यमुताई, हिचं बाळ टांगा बरं एकदा."

यमुताईंनी बाळ झोळीत ठेवलं. माझी सुई सहावर थांबली.

"अगं माय वं! दोन वर्षांचं अन् सहा किलो? काहून वं, उपाशी ठेवून राहिली का याले?" यमुताई डोलमावर ओरडल्या.

डोलमाला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. तिने झोळीकडे हात नेला. आता ही बाळ उचलून निघून जाणार, असं मला वाटलं. मी खरं तेच सांगितलं होतं, तरी माझ्यामुळेच तिच्यावर आळ आला होता.

कौसल्याने मात्र झोळीत वाकून पाहिलं. बोळकं तोंड, मांड्यांना वळ्या. अगदी तिच्या स्वतःच्या तान्ह्यासारख्या. तिने हळूच विचारलं, "दिवाली में ये कहाँ था?"

डोलमाने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग एक बोट वर केलं. "पैदा हुआ, एक." दुसरं बोट वर केलं. "हमारा नया साल आया, दो."

यमुताई हसत सुटल्या. "ऐकलं का मनोहरराव? या हिशेबानं तर तुम्ही केव्हाचेच रिटायर झाले असते!"

"हसा, हसा. पण वहीत पुरावा काय लिहू मी?"

"पुरावा झोळीत हातपाय मारून राहिला न, भाऊ," कौसल्या म्हणाली. "बाहेर येऊन पाहा तर खरं."

मनोहरराव खुर्चीवरून उठून बाहेर आले. बाळाने त्यांचं बोट घट्ट धरलं. बोट सुटल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'वय अंदाजे तीन महिने. वजन सहा किलो.' लस टोचली, बाळाने भोकाड पसरलं, आणि डोलमाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पुढे बाळ निजवायच्या तबकडीचा नवा काटा आला. मला कोठीत नेलं, रद्दी तोलायला. माझा आकडा गंजला. एके दिवशी ती वहीसुद्धा माझ्यावर आली. सगळ्या आडनावांसकट ती दोनच किलो भरली.

मित्रांनो, माझ्या आकड्याला तेलाचे दोन थेंब द्या. सुई अजून शून्यावर येते. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी खिडकीमागे बसलं आणि समोर परमुलखातलं माणूस आलं, तर वही मिटण्याआधी जरा उठून बाहेर या.