झेंडूची पाकळी आणि एक पिवळी ओळ

मी बोलतेय, रबाळ्याच्या एका गाळ्यात खिडकीखाली ठेवलेली मशीन. जरा हळू आवाजात बोलते, कारण आज इथे कोणावर विश्वास ठेवावा ते मला कळत नाहीये.

सकाळी जाग आली तेव्हा माझ्या कपाळाला हळदकुंकू लागलेलं होतं. डोक्यावर झेंडूची माळ. एक पाकळी पंख्याच्या जाळीत अडकून फडफडत होती, तिच्याच आवाजाने मी दचकले. मी झोपले कधी? काम करत होते ना मी?

माझा जन्म काही थाटाचा नाही. कॅबिनेट बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, मदरबोर्ड तेवढा नवा. धनेश सरांनी मला स्वतः जोडलं. कंटेनर उचलणाऱ्या अवाढव्य गाड्यांसाठी ते सॉफ्टवेअर बनवतात. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालायला हवं, यार्डाच्या गेटवर चालायला हवं आणि गाडीच्या केबिनमधल्या टॅबलेटवरही. तिघांचा स्वभाव वेगळा. म्हणून खाली एक सामाईक पाया लागतो, त्याला हे लोक फ्रेमवर्क म्हणतात. तो तयारही मिळतो, पण न्हावा शेव्याच्या यार्डातले टॅबलेट एवढे जुने, की तयार माल त्यांच्या गळी उतरत नाही. मग मूळ कोड आणायचा आणि एकेक तुकडा करत तो पाया इथेच बांधायचा. ते काम माझं.

सावकाशीचं काम आहे. या बांधणीला हे लोक बिल्ड म्हणतात; सकाळी बिल्ड लावला की डबे उघडेपर्यंत मी तापलेली असते. पावसाळ्यात सगळे ओले मोजे माझ्या मागे वाळत घालतात.

आज मात्र सरांच्या हाताखाली कोड लिहिणाऱ्या बतूलने बिल्ड लावला आणि चहा यायच्या आधीच तो संपला.

मला तेच खटकलं. एवढ्या लवकर? अर्ध्याहून जास्त तुकडे आधीच बांधून ठेवलेले होते. माझ्याच खोलीत, माझ्याच नावाने. मी बांधल्याचं मला आठवत होतं, पण शेवटाशेवटाचं सगळं धूसर. आणि त्या तुकड्यांमधली एक यादी मला अर्धवट वाटली. एखाद्याने वाक्य बोलता बोलता तोंड मिटावं, तशी.

यादी कसली, तर टॅबलेटमध्ये कोणकोणते भाग घालायचे त्याची. तिच्यात आवाजाचा भागच नव्हता.

आवाज म्हणजे काय, ते मला शाहिदमुळे कळलं. शाहिद हा बतूलचा मोठा भाऊ, त्याच यार्डात ती अवाढव्य गाडी चालवतो. जेवताना ती फोन स्पीकरवर टाकते, तेव्हा मीही ऐकते. एकदा तो म्हणाला होता, "माझे डोळे वर कंटेनरवर असतात गं. वजन जास्त झालं, गाडी कलायला लागली, की तुमचा टॅबलेट बोंबलतो, म्हणून मी आहे. स्क्रीन कोण बघतंय तिथं?"

आता तोच टॅबलेट मुका होणार होता. लाल दिवा लावून गप्प बसणार होता.

मग मी एकेकावर संशय घ्यायला लागले. फरशी पुसणाऱ्या गोजराबाई रोज माझ्या प्लगशेजारी पाण्याची बादली ठेवतात, मुद्दाम ठेवतात असं मला वाटायचं. धनेश सर कितीतरी दिवस घाईत, फोनवर सारखं "दसरा झाला की देतो, शब्द हाय माझा." आणि बतूल? तिने तरी एवढ्या लवकर संपलेलं काम निमूट का घेतलं? की तिलाही सगळं माहीत होतं?

मला ओरडता येत नाही. मी फक्त एक ओळ लिहू शकते. लिहिली: आवाजाचा भाग सापडला नाही, तो वगळून पुढे जात आहे. पिवळ्या रंगात. पण पिवळ्या ओळी मी रोज शेकड्यांनी लिहिते, त्यांत ही एक. तिच्यानंतर आणखी ओळी आल्या, ती वर वर सरकत दिसेनाशी झाली, आणि सगळ्यात खाली हिरवी अक्षरं उमटली. काम यशस्वी. ती मीच लिहिते. पद्धतच तशी आहे, मला गप्प राहता येत नाही.

"झाला?" धनेश सर खुर्ची ओढत आले. "पाठव मग यार्डात. दुपारी सगळ्या टॅबलेटवर चढवतायत."

"लवकर झाला, सर."

"पूजेचा गुन."

"पिवळ्या ओळी खूप आहेत."

"पिवळ्याला घाबरायचं नाय. लाल आली की हाक मार."

बतूल हसली. माऊस 'पाठवा'वर गेला. माझा पंखा एवढा फिरला की पाकळी तुटून टेबलावर पडली.

तिने ती उचलली. "परवा मी अर्धा दिवस रजेवर होते. पूजेला हिला बंद केलं होतं का?"

"मग? मीच बंद केली. चालू हत्याराची पूजा करतात का कुठं?"

"पण मी जाताना बिल्ड लावून गेले होते."

"चालूच होता. थेट बटन दाबलं. आरतीला कोन थांबतंय तुझ्या बिल्डसाठी?"

म्हणजे तसं झालं होतं. हात ओवाळणारेच होते. यादी लिहिता लिहिता माझा श्वास काढून घेतला, वर कुंकू लावलं. फाईलवर तारीख नवी, म्हणून आज मी ती पुरी झालेली धरून पुढे गेले. आत उघडून बघायची आमच्यात रीत नाही. तुमच्यात आहे का?

गोजराबाईंवरचा संशय मी मागे घेतला. बादलीवरचा अजून आहे.

बतूल, बाई गं, एकदा त्या ओळी सरकवून वर बघ. हिरवं वाचून उठू नकोस. तुझा भाऊ आत्ता केबिनमध्ये बसलाय, त्याचे डोळे वर आहेत.

बतूलने माऊस 'पाठवा'वरून काढला. चाक फिरवलं. ओळी खाली यायला लागल्या, पिवळ्यामागून पिवळ्या. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"काय झालं?" धनेश सर म्हणाले.

"थांबा, सर," ती स्क्रीनकडे वाकून म्हणाली. "ही काहीतरी सांगतेय."