सेकंदाला चाळीस

मंगळवारी सकाळी मी लिहिलेली नळी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर आली. काचेची, मनगटाएवढी जाड. मी तिला लगेच ओळखलं. मी आणि मिरजेच्या इम्रानने मिळून ती एका गेमसाठी बनवली होती. एका टोकाला वस्तू टाकायची, दुसऱ्या टोकाला ती निघते. मूळ गेममध्ये लोक माल बैलगाडीतून न्यायचे. आमचं मॉड, म्हणजे गेममध्ये घातलेली ही भर, आल्यापासून गाडी कुणी जुंपतच नव्हतं. नळीचा वेग होता सेकंदाला चाळीस वस्तू.

घरातही तोच वेग होता. नळीतून धिरडं आलं, अख्खं, न दुमडलेलं. मी ते खाल्लं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या प्रमिलाताईंचा फोन.

"धिरडं पोचलं का गं, अनघा?"

"पोचलं. छान झालंय."

"असं? मी आत्ता कुठे पीठ भिजवतेय."

दुपारपर्यंत आमच्या तीन मजली इमारतीत प्रत्येक घरी नळी आली. भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे, सगळं घरबसल्या मिळायला लागलं. कुणाला कुठे जायचं उरलं नाही, म्हणून जिन्याच्या पायऱ्या कमी होऊ लागल्या. साडेतीनला मी दार उघडायला गेले, तर कडी भिंतीवर पेन्सिलीने काढलेली होती. दारही.

प्रमिलाताई रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येतात. बारा वर्षं येतायत. चारला त्यांचा फोन आला.

"मी खाली उभी आहे. जिना कुठाय?"

"संपला."

"मी साडी बदलली गं," त्या म्हणाल्या.

मी इम्रानला फोन लावला.

"वेग कमी करायचाय."

"खेळणारे ओरडतील. पंधरा हजार जण आहेत."

"इम्रान, तुझ्या घराला दार आहे?"

"खिडकी आहे," तो म्हणाला.

चाळीसचे आठ केले. जिन्यात धपधप पायऱ्या पडल्याचा आवाज आला. आठाचे दोन केले, तेव्हा हाताला कडी लागली, गार, लोखंडी. इम्रान म्हणाला, "अजून एक करू या. गरम वस्तू नळीत जाणार नाही. गरम असेल ते हातानेच न्यायचं."

मी कोडमध्ये तशी एक ओळ लिहिली. खेळणाऱ्यांचा पहिला निरोप पाचच मिनिटांत आला: 'आमच्या गावात गाड्यांची रांग लागलीय, बैलांची शिंगं रंगवायला कुणी येतं का?' त्याखाली दोनशे जण येतो म्हणाले होते.

मी दार उघडलं. जिना माणसांनी भरला होता. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर केकरे कुकर घेऊन वर निघाले होते, शिट्टी होत होती. कुणाच्या हातात कढी, कुणाच्या थालीपीठ. सगळे हसत होते, आणि "सरका, भाजेल!" म्हणत होते. प्रमिलाताई नव्या साडीत, धिरड्याचा तवाच सांडशीत धरून आल्या.

"चहा?" त्यांनी विचारलं.

मी चहाचं उकळतं पातेलं उचललं आणि त्यांच्यामागे जिना चढू लागले. तिसरा मजला गेला. गच्ची गेली. पायऱ्या पुढे होत्याच, नव्या, अजून ओल्या सिमेंटच्या, आणि प्रत्येक पायरीवर वर जाणारं ताजं पाऊल उमटलेलं होतं. चहा उकळतच होता. वरून कुणीतरी ओरडून विचारलं, "किती कप आणताय?"